आधी हात, मग मन: खालच्या दिवसांत दिवस कसा काढायचा

नऊ वर्षांपूर्वीची जुलैतली सकाळ. गॅसवर दूध ठेवलं होतं आणि मी ओट्याला टेकून त्याच्याकडेच बघत होते. साय जमली, कडेनं फुगली, वर आली आणि पातेल्याच्या काठावरून बर्नरवर सांडली. करपल्याचा वास घरभर सुटला. मी हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघितलं. हात पुढे करून बटण फिरवायचं, एवढंच काम होतं. ते माझ्याच्यानं झालं नाही. सासूबाई देवघरातून धावत आल्या, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "अगं, समोर उभी होतीस ना?" होते. पण त्यांना काय सांगावं ते सुचेना. रडूही येत नव्हतं.

तोपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते की पावसाळी हवा आहे, कंटाळा आलाय, सुट्टीत बरं वाटेल. पुढे निदान झालं ते नैराश्याचं, ज्याला आपण सगळे डिप्रेशन म्हणतो. त्यानंतर आणखी एक मोठी फेरी येऊन गेली. लहान उतार तर वर्षातून एकदोनदा येतातच. मी डॉक्टर नाही, सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. पण पहिल्या काही आठवड्यांत कशानंतर काय करायचं हे मला तेव्हा कुणी क्रमानं सांगितलं नव्हतं आणि त्यात माझे चार महिने वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

हे सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. डोकं चालत नसेल तर खालचा परिच्छेद आणि ‘तिसरी पायरी’ एवढंच वाचा. बाकीचं उद्या.

त्याआधी हे वाचा

जगणं नको वाटतंय, मरणाचे विचार येतायत, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय, असं असेल तर बाकीच्या पायऱ्या थांबू देत. आत्ता उठा आणि घरातल्या कुणाजवळ तरी जाऊन बसा. घरात कुणी नसेल तर शेजारी जा. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती चोवीस तास असते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर ११२ लावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. परदेशात असाल तर १४४१६ उपयोगाचा नाही. अमेरिकेत ९८८ आणि ब्रिटनमध्ये ११६ १२३ लावा.

घरच्यांनी अशा माणसाला एकटं ठेवू नये. शेतीची फवारणीची औषधं आणि घरातल्या साठवलेल्या गोळ्या त्याच दिवशी दुसऱ्याच्या ताब्यात द्याव्यात, कुलपात ठेवाव्यात. असा विचार बहुतेक वेळा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. लाट अंगावर असताना हाताशी काही नसलं की जीव वाचतो. "तुझ्या मनात मरणाचे विचार येतायत का?" असं सरळ विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात नव्यानं शिरत नाही. उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. मला माझ्या मोठ्या बहिणीनं विचारलं होतं, भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता. त्या दिवशी मी पहिल्यांदा खरं बोलले.

पहिली पायरी: हा नुसता कंटाळा आहे की आजार?

वाईट दिवस सगळ्यांनाच येतात. आजाराची खूण ही की दिवसाचा बराच वेळ आणि जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे, मन उदास राहतं किंवा पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात तो रमेनासा होतो. सोबत झोप बिघडते, भूक जाते किंवा उलट जास्तच लागते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, हालचाल मंदावते किंवा एका जागी बसवत नाही, स्वतःबद्दल फार वाईट विचार येतात.

डॉक्टर यासाठी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली वापरतात. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. मराठीतही ती मिळते आणि पाच मिनिटांत भरून होते. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांकडे जायला हवं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला शून्याशिवाय दुसरं काहीही उत्तर असेल तर बेरीज किती का असेना, ते लगेच कुणाला तरी सांगा. एवढं मात्र लक्षात घ्या की ही चाचणी ताप मोजण्यासारखी आहे. ताप कशानं आलाय हे थर्मामीटर सांगत नाही.

आपल्याकडे हा आजार बऱ्याचदा अंगदुखीचं रूप घेऊन येतो. डोकं जड, पाठ भरून आलेली, छातीत धडधड, जेवण अंगी लागत नाही. बायका वर्षानुवर्षं "अशक्तपणा"ची सलाईनं लावून घेतात. पुरुषांत तो चिडचिडीच्या, गप्प बसण्याच्या, नाहीतर दारूच्या आडून येतो. बाळंतपणानंतरही येतो आणि तेव्हा "आता कसलं दुःख, बाळ आलंय ना" या वाक्याखाली दबून जातो. माझ्या बाबतीत पहिली खूण होती ती पहाटेची. चार वाजता टक्क जाग यायची आणि दिवसातली सगळ्यात वाईट वेळ तीच असायची. संध्याकाळी जरा हायसं वाटायचं, त्यामुळे घरच्यांना वाटे की हिला काहीच झालेलं नाही.

दुसरी पायरी: डॉक्टर

मी इथेच अडले होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञांकडेच जायला हवं असं नाही. नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा आणि रक्ततपासणीचं विचारा: थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२. थायरॉइड कमी पडत असेल किंवा रक्त कमी असेल तरी माणूस असाच मंदावतो, आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

पुढे तज्ज्ञांकडे जायचं तर जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयांतही नुसतं तपासून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं. गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. "येरवड्याला गेली" हे वाक्य आपल्याकडे कसं म्हटलं जातं ते मला ठाऊक आहे. त्या एका वाक्यापायी किती माणसं दारापर्यंत जाऊन परत फिरली असतील! खाजगी दवाखाना परवडत असेल तर तिथे जा, नाहीतर सिव्हिलला जा. पण जा.

मी ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेले ते म्हणाले, "शिक्षिका असून असं कसं?" मी उठून घरी आले आणि पुढचे दोन महिने कुणाकडेच गेले नाही. आज मी स्वतःला सांगितलं असतं की डॉक्टर बदल, उपचार सोडू नकोस.

तिथे गेल्यावर शब्द सुचत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी कागदावर लिहून न्या. कधीपासून होतंय, झोप किती, भूक कशी, कामावर काय अडतंय, मरणाचे विचार येतात का, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, घराण्यात कुणाला असं झालं होतं का, दारू किती. आणि एक प्रश्न डॉक्टर विचारोत न विचारोत, तुम्ही सांगाच. आयुष्यात कधी याच्या अगदी उलट झालं होतं का? म्हणजे कित्येक दिवस झोप नाही तरी अंगात प्रचंड ताकद, डोक्यात विचारांचा धुमाकूळ, वारेमाप खर्च. तसं असेल तर आजार वेगळा असू शकतो आणि नैराश्याची नेहमीची गोळी एकटी दिली तर तो बिघडू शकतो.

गोळ्यांबद्दल. फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रॅम ही नावं चिठ्ठीवर बऱ्याचदा दिसतात. दारूची किंवा झोपेच्या गोळीची लागते तशी यांची चटक लागत नाही. पण त्या पॅरासिटामॉलसारख्या तासाभरात काम करत नाहीत, फरक कळायला दोन ते चार आठवडे लागतात. आणि होतं काय, की पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल हे आधी येतं आणि गुण नंतर येतो. इथेच बरीच माणसं "मला सोसत नाही" म्हणून गोळ्या टाकून देतात. तसं करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी तेव्हा जास्त जवळ राहावं. गोळी एकाएकी बंद केली की चक्कर येऊ शकते, डोक्यात झटके बसल्यासारखं होऊ शकतं. ती सोडायची झाली तर हळूहळू कमी करत, डॉक्टरांच्या सांगण्यानुसार.

बोलण्याचे उपचार, म्हणजे समुपदेशन आणि मानसोपचार, हेही खरेखुरे उपचार आहेत. सौम्य नैराश्यात कित्येकदा तेवढ्यावर भागतं. तीव्र असेल तर दोन्ही लागतं.

कायद्याचंही माहीत असू द्या. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. तुमची माहिती गुप्त राहावी हा तुमचा हक्क आहे, आणि विमा कंपन्यांनी शरीराच्या आजारांप्रमाणेच मनाच्या आजारांनाही संरक्षण द्यावं असं त्यात म्हटलेलं आहे.

तिसरी पायरी: मन लागण्याची वाट बघायची नाही

हा लेख मी खरं तर या पायरीसाठी लिहायला घेतला.

आपण सगळे असं धरून चालतो की आधी मनाला उभारी येते आणि मग माणूस कामाला लागतो. निरोगी दिवसांत ते बरंचसं खरंही असतं. नैराश्यात हे चाक उलटं फिरतं. बरं वाटत नाही म्हणून आपण गोष्टी सोडतो: आधी फिरणं, मग मैत्रिणींचे फोन, मग भाजी आणायला जाणं, शेवटी अंघोळ. सोडलेल्या प्रत्येक गोष्टीतून थोडं थोडं बरं वाटत असतं. ते बंद झालं की मन आणखी खाली जातं, आणि आणखी गोष्टी सुटतात. हे चाक थांबवायला मनाकडून आरंभ होत नाही, हाताकडून होतो. इच्छा नसताना एक बारीकशी कृती करायची, इच्छा मागून येते. कधी येते, कधी येत नाही, पण चाकाची दिशा बदलते.

हे माझ्या मनचं नाही. याचा एक मोठा अभ्यास आपल्या शेजारी गोव्यात झालेला आहे. ‘संगाथ’ ही तिथली संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या गटानं दहा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांना घेऊन तो केला. आजार मध्यमपेक्षा जास्त ते तीव्र होता. निम्म्यांना नेहमीच्या देखभालीसोबत सहा ते आठ बैठका दिल्या, त्यांचा गाभा हाच: रोजच्या छोट्या कृती परत सुरू करणं. बैठका घेणारे डॉक्टर नव्हते, त्याच भागातली प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी ज्यांना बैठका मिळाल्या त्यांच्यातले ६४ टक्के आजारातून सावरले होते, ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांच्यातले ३९ टक्के. हे सगळं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मी गणिताची बाई, मला हे आकडे बघून फार धीर आला. परदेशातल्या महागड्या सोफ्यावर झालेलं हे काम नव्हे. आपल्यासारख्याच, रांगेत केसपेपर काढून बसणाऱ्या माणसांवर झालेलं आहे.

आता करायचं कसं.

पहिल्या आठवड्यात काही बदलू नका, फक्त नोंद करा. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. त्याच्या प्रत्येक चौकटीत दुधाचा हिशेब असतो, ‘१’ किंवा ‘१॥’. त्याच्याच खाली मी दिवसातून दोनदा एक आकडा लिहायला लागले, ० ते १०. शून्य म्हणजे अगदी तळ. शेजारी त्या वेळी काय करत होते त्याचं एक अक्षर: झो म्हणजे झोपून, मो म्हणजे मोबाइल, शा म्हणजे शाळा. नवी वही आणू नका. नवी वही म्हणजे आणखी एक अपुरं काम. ज्या कागदावर रोज हात जातोच, त्यावर लिहा.

सात दिवसांनी मी बघितलं तर मला वाटत होतं की सगळे दिवस सारखे काळे आहेत. तसे ते नव्हते. ‘मो’ आणि ‘झो’ जिथे होतं तिथे १ किंवा २. शाळेत ३. आणि एका गुरुवारी, काय केलं होतं आठवेना, ४. नंतर आठवलं. सासूबाईंनी मेथीची पेंडी माझ्यापुढे टाकली होती.

दुसऱ्या आठवड्यात दोन याद्या करा. एक, पूर्वी आनंद द्यायच्या त्या गोष्टी. दुसरी, ज्यात आनंद नाही पण हातावेगळं झालं की छातीवरचं ओझं उतरतं अशा गोष्टी: लाइटबिल, पेपरांचा गठ्ठा, शिवायला टाकलेला ब्लाउज आणणं. दोन्ही लागतात. नुसत्या आनंदाच्या मागे लागलात तर "मला तर कशातच आनंद येत नाही" म्हणून बसाल, आणि ते त्या काळात खरंही असतं.

मग यादीतली एक गोष्ट घ्या आणि तिचे इतके बारीक तुकडे करा की लाज वाटावी. ‘घर आवरायचं’ हे काम नव्हे, तो डोंगर आहे. ‘सिंकमधले चमचे धुवायचे’ हे काम. ‘फिरायला जायचं’ नाही, चपला घालून फाटकापर्यंत जायचं. अंघोळ होत नसेल तर गिझर लावून टॉवेल बाथरूमच्या खुंटीवर ठेवायचा, बस्स. मी पेपर तपासायला बसताना ठरवायचे: एकाच मुलाचा पेपर, त्यातला पहिलाच प्रश्न. कित्येकदा तेवढंच झालं आणि मी उठले. ते पुरेसं धरायचं. पुढचं झालं तर चांगलंच.

वेळ आणि जागा ठरवा. "उद्या बघू" म्हटलेलं होत नाही. "चार वाजता, चहा झाल्यावर, मागच्या पायरीवर" म्हटलेलं होतं. आणि चार वाजले की मनाला विचारू नका. ते नाहीच म्हणणार, त्याचा आजारच तो आहे. विचारल्याशिवाय उठा.

करण्याआधी किती बरं वाटेल याचा अंदाज लिहा, झाल्यावर खरा आकडा लिहा. मेथीचं मी मुद्दाम पुन्हा केलं. अंदाज लिहिला २. जुनं वर्तमानपत्र पसरलं, पेंडीचा दोरा सोडला. मेथी धुळीनं आणि पाण्यानं जड झालेली, मुळांना लाल माती. एकेक काडी उचलायची, कोवळं बघून खुडायचं, जून देठ डावीकडे टाकायचे. पाचसहा काड्यांनंतर बोटांना तो कडवट वास लागला. मध्येच एक पिवळं पान, ते बाजूला. पाऊण पेंडी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की वीसेक मिनिटं डोक्यातलं चक्र ऐकू आलं नव्हतं. आकडा लिहिला ४. दोनाचे चार. कुणाला हे हसण्यासारखं वाटेल, पण ज्यानं महिनाभर दोनच्या वर आकडा बघितलेला नाही त्याला विचारा.

तुमची मेथी वेगळी असेल. कुणाची सायकल पुसणं असेल, कुणाची कुंडीतली माती उकरणं, कुणाची पोथीचं एक पान. हातांना काम आणि डोळ्यांसमोर होत जाणारा फरक, असं काही निवडा. मोबाइलवर रील्स बघणं यात धरू नका. त्यानं वेळ जातो, आकडा वाढत नाही. तुमच्याच नोंदीत ते दिसेल.

चालणं मात्र प्रत्येकाच्या यादीत असावं असं मला वाटतं. दहा मिनिटांपासून सुरू करा, शक्यतो सकाळच्या उजेडात. गोळीला पर्याय म्हणून नाही, गोळीच्या जोडीला.

चौथी पायरी: अगदी तळाच्या दिवसाची चिठ्ठी

काही दिवस असे येतात की वरचं काहीच होत नाही. त्या दिवशी विचार करून ठरवायची ताकद नसते, म्हणून जरा बऱ्या दिवशी चिठ्ठी लिहून ठेवा. माझी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे:

गोळी. पाणी. काहीतरी पोटात, ताक-भात नाहीतर केळं. तोंड धुवून केस विंचरणं. खिडकी उघडून दहा मिनिटं तिथे बसणं. मैत्रिणीला निरोप.

निरोपाचं आमचं ठरलेलं आहे. ‘कशी आहेस’ला उत्तर देणं हेच त्या दिवशी मोठं काम असतं, म्हणून मी तिला फक्त ‘ढग’ एवढा शब्द पाठवते. ती ‘बरं’ म्हणते आणि संध्याकाळी फोन करते. मी उचलला नाही तर यांना करते. प्रश्न नाहीत, उपदेश नाही. असा एक माणूस शोधा आणि शब्द आधीच ठरवून टाका. चिठ्ठीतलं सगळं झालं की त्या दिवसाचं काम संपलं, असं मी स्वतःला खरोखर मोठ्यानं सांगते.

झोपेविषयी थोडं

उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेलेली असो. दुपारी आडवं व्हायचंच असेल तर वीस मिनिटांचा गजर लावून. दुपारनंतर चहा-कॉफी नको. झोप यावी म्हणून दारू तर अजिबात नको, ती पहाटे मोडते आणि मन आणखी खाली नेते. झोपेच्या गोळ्या दुकानातून स्वतःच्या मनानं आणू नका.

पहाटे तीन-चारला जाग आली तर त्या वेळचा एकही निर्णय घ्यायचा नाही. नोकरी सोडायची, नातं तोडायचं, मी सगळ्यांना ओझं झालेय, हे सगळं चारला अगदी सिद्ध झालेल्या प्रमेयासारखं वाटतं. मी उठते, दिवाणखान्यात मंद दिवा लावून बसते आणि कागदावर फक्त ‘सकाळी ११ वाजता बघणे’ लिहून खाली तो विचार लिहिते. अकराला त्यातले बहुतेक बघवतही नाहीत.

पाचवी पायरी: वाक्यातला ‘च’

आपल्या भाषेत एक छोटंसं अक्षर आहे, ते या आजारात फार वळवळतं. "मी नेहमीच चुकते." "मला काहीच जमत नाही." "कुणालाच माझी गरज नाही." "हे असंच राहणार." कागदावर अशी वाक्यं लिहा आणि प्रत्येक ‘च’ला लाल पेननं गोल करा. मग तो ‘च’ खोडून वाक्य परत लिहा, जेवढं खरं आहे तेवढंच ठेवून. "मी नेहमीच चुकते"चं होतं "गेल्या आठवड्यात हजेरीपटात मी दोनदा चुकले." "हे असंच राहणार"चं होतं "सध्या हे असं आहे." हे स्वतःची खोटी समजूत घालणं नाही. हजेरीपटात चूक झालेली आहेच, ती दुरुस्त करता येते. ‘नेहमीच’ दुरुस्त करता येत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. त्या पद्धतीत ‘असं झालंच पाहिजे’ या हट्टावर बोट ठेवलेलं आहे. लाल गोलांची युक्ती माझी, वर्गातल्या सवयीतून आलेली. पण अगदी तळाच्या दिवशी ती करू नका. तेव्हा वाक्यांशी वाद घालायला गेलं की वाक्यंच जिंकतात. त्या दिवशी चिठ्ठी आणि मेथी.

माणसांना काय सांगायचं

सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. कामावर "तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत" हे पूर्ण खरं वाक्य आहे. घरातल्या एकाला मात्र नीट सांगा, शक्य असेल तर डॉक्टरांकडे सोबत न्या. "काय कमी आहे तुला?" असं विचारणारे भेटतीलच. काही कमी असल्यामुळेच हा आजार होतो असं नाही, जसा मधुमेह गरिबीमुळे होतो असं नाही. कुणी अंगारा आणला, देवाला नेलं, तर माझं म्हणणं असं: तुम्हाला त्यानं शांत वाटत असेल तर जा, नमस्कार करा, पण गोळी चुकवू नका आणि "गोळ्या बंद करा, मग गुण येईल" म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

घरच्यांनी हे वाचलं तर त्यांना एकच विनंती. "उठ, काहीतरी कर" म्हणू नका. "मी भाजी निवडायला बसतोय, येतेस?" म्हणा. सासूबाईंनी मला कधी नैराश्य हा शब्द उच्चारून दाखवला नाही. पेंडी पुढे टाकली आणि स्वतःही समोर बसल्या.

बरं वाटायला लागल्यावर

इथे मी चुकले होते. पाच आकडा सलग आठ दिवस आला आणि मी गोळ्या बंद केल्या. दुसरी फेरी त्यातूनच आली असं मला वाटतं. पहिल्यांदाच झालेल्या नैराश्यात पूर्ण बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. पुन्हा पुन्हा येत असेल तर आणखी जास्त. सुरुवातीला बरं होणं सरळ रेषेत नसतं, ४, ५, ३, ५, २, ५ असं असतं. मधला २ आला म्हणजे सगळं परत पहिल्यापासून, असं नाही. दोन आठवड्यांची सरासरी काढून बघा.

आणि स्वतःच्या खुणा ओळखून घरात सांगून ठेवा. माझ्या तीन आहेत. फोन टेबलावर उलटा ठेवायला लागते. फोडणीत हिंग घालायला विसरते. फळ्यावर लिहिताना अक्षर बारीक होतं, हे मुलं सांगतात. यातल्या दोन दिसल्या की घरच्यांनी मला सांगायचं, रागवायचं नाही, असा करार आहे.

यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी हे म्हणाले, "चार दिवस झाले, फोन उलटा आहे. आमटीतही हिंग नव्हता. कॅलेंडर बघायचं का?" आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभं राहून बघितलं. दुधाच्या आकड्यांखाली ५, ५, ४, ४, ३. डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली. मग ते पिशवी घेऊन बाहेर पडले, आणि मी त्यांना फाटकातून हाक मारून मेथीच्या दोन पेंड्या आणायला सांगितल्या.